घरातला वायरलेस सेन्सर उगाच का वाजतो? हालचाल आणि धक्का ओळखण्याची सेटिंग नेमकी कशी करायची?

रात्रीचे दोन वाजलेत. उशाशी ठेवलेला फोन वाजतो. स्क्रीनवर एकच ओळ दिसते: 'मुख्य दार - धक्का जाणवला'. तुम्ही दचकून उठता, दिवा लावता, खिडकीतून बाहेर बघता. दारात कोणीही नाही. रस्त्यावरून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालाय, एवढंच.

गळीत हंगामात कराड आणि आसपासच्या गावांमध्ये हे दृश्य रोजचंच असतं. पहिल्या रात्री तुम्ही उठता. चौथ्या रात्री नुसती कूस बदलता. दहाव्या रात्री ॲपचं नोटिफिकेशनच बंद करून टाकता. आणि त्यानंतर एखाद्या रात्री कोणी खरंच दार ढकललं, तर? 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. उगाच वाजणारा सेन्सर घरबसल्या तीच गोष्ट पुन्हा घडवतो.

अशा वेळी दोष बहुतेकदा सेन्सरचा नसतो, सेटिंगचा असतो. सेन्सर डब्यातून काढला, दाराला चिकटवला, ॲपमध्ये 'संवेदनशीलता - जास्त' निवडलं आणि विसरून गेलो, असं बहुतेक घरांत होतं. ही सेटिंग म्हणजे नक्की काय, तिच्यातले आकडे काय सांगतात, आणि कोयनेच्या भूकंपक्षेत्राजवळ राहणाऱ्यांनी काय लक्षात ठेवायचं, हे समजून घेऊ.

'मोशन सेन्सर' या एका नावाखाली दोन वेगळी यंत्रं

आधी एक गोंधळ दूर करू. दुकानात 'मोशन सेन्सर' म्हणून दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू मिळतात.

पहिला प्रकार भिंतीच्या कोपऱ्यात बसवतात. त्याला पांढरी, खाचा असलेली फुगीर काच दिसते. ती खरं तर प्लास्टिकची भिंगं असतात. हा सेन्सर माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता, म्हणजे अवरक्त किरण टिपतो. त्याला पीआयआर म्हणतात. समोरच्या जागेत एखादी गरम वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की तो वाजतो. म्हणून समोरून आडवा जाणारा माणूस त्याला पटकन कळतो, सरळ त्याच्याच दिशेने येणारा उशिरा कळतो. एप्रिल-मेमध्ये बंद घरातलं तापमान ३५ अंशांच्या आसपास गेलं की माणसाची त्वचा आणि मागची भिंत यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही, आणि हा सेन्सर मंदावतो.

दुसरा प्रकार म्हणजे काडेपेटीएवढा किंवा त्याहून लहान चौकोन. तो दाराला, गेटला, कपाटाला किंवा मोटारीच्या पेटीला चिकटवतात. तो खोलीत कोण फिरतंय हे बघत नाही. तो ज्या वस्तूला चिकटलाय ती वस्तू हलली का, कलली का, तिला धक्का बसला का, एवढंच त्याला कळतं. त्याच्या पोटात ॲक्सेलरोमीटर नावाची चिप असते. फोन आडवा केल्यावर स्क्रीन फिरते, ती याच जातीच्या चिपमुळे.

हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

'जी' म्हणजे काय?

ॲक्सेलरोमीटरमध्ये सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म गोळा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. वस्तू हलली की तो गोळा किंचित मागे राहतो. बस अचानक सुटली की उभे प्रवासी मागे झुकतात, तसंच. गोळा किती सरकला हे विजेच्या भाषेत मोजलं जातं आणि त्यावरून वेग किती झपाट्याने बदलला, म्हणजे त्वरण किती, हे कळतं. हे मोजमाप तीन दिशांना होतं: डावी-उजवी, पुढे-मागे आणि वर-खाली.

या त्वरणाचं घरगुती एकक आहे 'जी'. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचं त्वरण म्हणजे १ जी. टेबलावर निवांत पडलेला सेन्सरही शून्य दाखवत नाही. उभ्या दिशेला तो १ जी दाखवतो. ॲपमध्ये बहुतेकदा त्याचा हजारावा भाग, म्हणजे मिलि-जी वापरतात. १००० मिलि-जी म्हणजे १ जी.

ही एक गोष्ट कळली की चार वेगवेगळ्या घटना कशा ओळखल्या जातात ते आपोआप उलगडतं.

- हालचाल: आधीच्या वाचनापेक्षा ठरावीक फरक पडला. दार उघडलं, पेटी उचलली, गेट सरकलं.
- कलणं: गुरुत्वाकर्षणाचा १ जी एका दिशेतून दुसऱ्या दिशेत वाटला गेला. सपाट ठेवलेली वस्तू १० अंश कलली तर आडव्या दिशेला सुमारे ०.१७ जी दिसू लागतो. कोणी कितीही हळू उचललं तरी हे लपत नाही.
- धक्का: फार थोडा वेळ टिकणारी मोठी उसळी. हातोड्याचा ठोका, दारावरची लाथ, खिडकीच्या ग्रिलवर पहार.
- पडणं: वस्तू हवेत असते तेवढा वेळ तिन्ही दिशांचं वाचन शून्याजवळ येतं. ७५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलावरून पडणारी वस्तू जमिनीवर आदळायला सुमारे ०.३९ सेकंद घेते. सेन्सरसाठी हा भरपूर वेळ आहे.

सेटिंगमधले चार आकडे

ॲप कोणत्याही कंपनीचं असो, नावं वेगळी असतील, पण आत बहुतेकदा हेच चार आकडे असतात.

१. उंबरठा. किती जीच्या पुढे गेल्यावर दखल घ्यायची? ॲपमधला 'कमी, मध्यम, जास्त' हा सरकता पट्टा म्हणजे हाच आकडा, फक्त उलटा. संवेदनशीलता जास्त म्हणजे उंबरठा कमी.

२. कालावधी. उंबरठा ओलांडलेली स्थिती किती वेळ टिकली पाहिजे, किंवा जास्तीत जास्त किती वेळ टिकली तर तिला धक्का म्हणायचं? कडक वस्तूवरचा धक्का काही हजारांश सेकंदांत संपतो. दार उघडण्याची हालचाल सेकंदभर चालते. दोन्हींमधला भेद उंबरठ्याइतकाच कालावधीवर ठरतो.

३. शांतता काळ. किती सेकंद काहीच हललं नाही म्हणजे घटना संपली असं मानायचं?

४. पुन्हा न वाजण्याचा काळ. एकदा कळवल्यानंतर पुढचं नोटिफिकेशन किती वेळाने? हा आकडा शून्य ठेवला तर एकाच दारासाठी फोन वीस वेळा वाजतो.

प्रत्यक्ष आकडे कसे असतात हे बघायचं तर ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीची एडीएक्सएल ३४५ ही चिप चांगलं उदाहरण आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ती वर्षानुवर्षं वापरली जाते. तिची मोजणीची कक्षा २, ४, ८ किंवा १६ जी अशी निवडता येते. हालचाल आणि धक्का या दोन्हींचे उंबरठे ६२.५ मिलि-जीच्या पायऱ्यांनी वाढतात. म्हणजे उंबरठा १ ठेवला तर ०.०६२५ जी, १० ठेवला तर ०.६२५ जी. धक्क्याचा कालावधी ६२५ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी ठरतो, तर शांतता काळ एकेका सेकंदाने. पडणं ओळखण्यासाठी ३०० ते ६०० मिलि-जीचा उंबरठा आणि १०० ते ३५० मिलिसेकंदांचा कालावधी सुचवलेला आहे.

तुमच्या सेन्सरमध्ये हीच चिप असेल असं नाही. पण ॲपमधल्या सरकत्या पट्ट्यामागे साधारण असाच एखादा हिशेब चाललेला असतो.

मग सेटिंग करायची कशी?

अंदाजाने पट्टा सरकवण्यापेक्षा खालच्या क्रमाने जा. आठवडाभर लागेल, पण नंतर वर्षभर झोप नीट लागेल.

पहिली पायरी: एकच प्रश्न ठरवा. 'घराची सुरक्षा' हा प्रश्न सेन्सरला कळत नाही. 'हे दार उघडलं का?' हा कळतो. 'या ग्रिलवर कोणी ठोकलं का?' हाही कळतो. एका सेन्सरला एकच काम द्या. दार उघडलं का एवढंच हवं असेल, तर धक्क्याची सेटिंग बंद ठेवा. त्यासाठी चुंबकाचा साधा सेन्सर त्याहून स्वस्त आणि खात्रीचा पडतो.

दुसरी पायरी: जागा नीट निवडा. दार बिजागरीभोवती फिरतं. बिजागरीजवळचा भाग कमी हलतो, कडीकडचा भाग जास्त. म्हणून हालचाल ओळखायची तर सेन्सर कडीच्या बाजूला लावा. धक्का ओळखायचा तर स्पंजवाली जाड चिकटपट्टी वापरू नका. ती धक्का स्वतःच गिळते. पातळ, कडक दुहेरी पट्टी किंवा स्क्रू चांगला. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर पट्टी टिकत नाही. काही आठवड्यांनी सेन्सर खाली पडतो आणि मध्यरात्री 'पडण्याची' सूचना देतो.

तिसरी पायरी: आठ दिवस नुसतं ऐका. सेन्सर चालू ठेवा, नोंदी ठेवा, पण फोनवरचा आवाज बंद ठेवा. उंबरठा सगळ्यात कमी ठेवा. या आठ दिवसांत रस्त्यावरच्या ट्रॉल्या, शेजारचं मिक्सर, वाऱ्याने आपटणारी खिडकी, जिन्यात धावणारी मुलं हे सगळं नोंदलं जाईल. हा तुमच्या घराचा नेहमीचा गोंगाट. पुणे-बंगळूरु महामार्गालगतच्या मलकापुरातल्या घराचा गोंगाट आणि नदीपलीकडच्या शांत वस्तीतल्या घराचा गोंगाट सारखा नसणार. म्हणूनच दुसऱ्याने सांगितलेला आकडा तुमच्या दाराला चालेलच असं नाही.

चौथी पायरी: खरी घटना स्वतः घडवून बघा. दार हळू उघडा. झपाट्याने उघडा. बोटांनी टकटक करा. तळहाताने थाप मारा. खांद्याने ढकला. प्रत्येक गोष्ट दहा वेळा करा आणि प्रत्येक वेळचा आकडा लिहून ठेवा. ॲप आकडा दाखवत नसेल तर कोणत्या पातळीवर सूचना आली आणि कोणत्या पातळीवर नाही, एवढं तरी लिहा.

पाचवी पायरी: दोन आकड्यांच्या मध्ये रेघ ओढा. समजा, आठ दिवसांत गोंगाटाचा सर्वांत मोठा आकडा ०.१५ जी निघाला आणि खांद्याने ढकलल्याचा सर्वांत लहान आकडा ०.७ जी. मग उंबरठा ०.३ ते ०.४ जीच्या दरम्यान ठेवा. वरच्या चिपच्या पायऱ्यांत पाच किंवा सहा. गोंगाटाच्या दुप्पट आणि खऱ्या घटनेच्या अर्ध्याजवळ, असा हा ढोबळ नियम. दोन आकडे एकमेकांत मिसळत असतील, तर सेटिंग कितीही फिरवली तरी उपयोग नाही. सेन्सरची जागा बदला किंवा सेन्सरचा प्रकार बदला.

सहावी पायरी: दोन साक्षीदार ठेवा. ॲपमध्ये 'असं झालं तर तसं कर' अशी नियमांची सोय असेल तर वापरा. नुसता धक्का बसला तर फक्त नोंद. धक्का आणि एका मिनिटात दार उघडणं, दोन्ही झालं तर मोठा आवाज. ट्रॅक्टर दाराला हादरा देईल, पण दार उघडणार नाही.

सातवी पायरी: संदर्भ स्थिती विसरू नका. अनेक सेन्सर चालू करताना वस्तू ज्या स्थितीत असते तिलाच मूळ स्थिती मानतात आणि पुढची हालचाल तिच्याशी ताडून बघतात. दार उघडं असताना पाळत सुरू केलीत तर बंद दार हीच त्याला गडबड वाटेल. दार लावून, कडी घालून, मग पाळत सुरू करा.

कोणत्या वस्तूला कोणती सेटिंग?

लोखंडी गेट: वाऱ्याने सतत खडखडतं. उंबरठा जास्त ठेवा. सरकतं गेट कलत नाही, फिरतं गेटही फारसं कलत नाही, म्हणून इथे कलण्याच्या सेटिंगवर विसंबू नका.

खिडकीचं ग्रिल: इथे धक्का महत्त्वाचा. करवतीने कापलं तर एकच मोठी उसळी येत नाही, लहान लहान कंपनं बराच वेळ येत राहतात. 'दहा सेकंदांत इतक्या वेळा' अशी मोजणीची सोय असेल तर ती चालू करा.

तिजोरी किंवा कपाट: कलण्याची सेटिंग सर्वांत उपयोगी. ५ ते १० अंश पुरे. पण सेन्सर लोखंडी कपाटाच्या आत ठेवू नका. पत्रा रेडिओ लहरी अडवतो.

नदीकाठची मोटार किंवा स्टार्टर पेटी: कृष्णा-कोयनेच्या काठावर शेतीचे पंप रात्री-अपरात्री चालतात. मोटार चालू झाली की पेटी थरथरणारच. म्हणून धक्क्यापेक्षा कलणं आणि जागेवरून हलणं यावर भर द्या. मात्र घरातलं वाय-फाय शेतापर्यंत पोहोचणार नाही. तिथे सिमकार्डवर चालणारं किंवा लांब पल्ल्याचं वेगळं उपकरण लागेल.

आजी-आजोबांसाठी: अंगावर बांधायचा 'पडणं ओळखणारा' सेन्सर वेगळा असतो. दाराचा सेन्सर त्या कामाला वापरू नका. माणूस टेबलावरच्या वस्तूसारखा सरळ पडत नाही. भिंतीला, खुर्चीला धरत घसरतो. तेव्हा वाचन शून्याजवळ येतंच असं नाही, आणि सेन्सर गप्प राहू शकतो.

कराडकरांचा खास प्रश्न: भूकंप झाला तर हा वाजेल का?

कोयना धरण कराडपासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत आहे. १९६२ च्या सुमारास शिवसागर जलाशयात पाणी साठायला लागल्यापासून या भागात भूकंप होत आले आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेला भूकंप ६.३ रिश्टरचा होता. सुमारे १८० माणसं गेली. कोयनानगरची वाताहत झाली. जलाशयामुळे चालना मिळालेला जगातला सर्वांत मोठा भूकंप म्हणून आजही त्याचा उल्लेख होतो. त्यानंतरही या परिसरात ५ किंवा त्याहून मोठे वीसहून अधिक आणि लहान तर हजारो धक्के नोंदले गेले आहेत.

त्या पहाटे धरणाच्या आतल्या गॅलरीत त्वरण मोजणारं एक यंत्र चालू होतं. धरणाच्या लांबीच्या दिशेने त्याने ०.६३ जी एवढी कमाल नोंद केली. तुमच्या दारावरच्या सेन्सरमध्ये आहे ते त्याच तत्त्वाचं यंत्र, फक्त नखाएवढं झालेलं. त्या एका नोंदीचा धरणांच्या भूकंपरोधक रचनेच्या अभ्यासात जगभर उपयोग झाला. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं आणि नंतर मजबूत करण्यात आलं.

आता हे आकडे तुमच्या सेटिंगशेजारी ठेवून बघा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या तक्त्यानुसार, ढोबळमानाने, घरात शांत बसलेल्या माणसाला जेमतेम जाणवणारा हादरा ०.००३ जीच्या आसपास असतो. भांडी खणखणतात तो ०.०२८ जीच्या आसपास, आणि झोपलेली माणसं जागी होतात तो ०.०६ जीच्या आसपास. आपण वर पाहिलेल्या चिपची सर्वांत खालची पायरीच ०.०६२५ जी आहे.

म्हणजे भांडी खणखणवणारा धक्काही अशा सेन्सरच्या नजरेतून सुटू शकतो. आणि तुम्ही उंबरठा ०.३ जी ठेवला असेल, तर ज्या भूकंपाने तो वाजेल त्याची बातमी तुम्हाला सेन्सरकडून कळण्याची गरजच उरणार नाही. दारावर टकटक केल्याने सेन्सरजवळ उठणारी उसळी भूकंपाच्या बहुतेक धक्क्यांपेक्षा कितीतरी मोठी असते. फरक एवढाच की ती काही हजारांश सेकंदांत विरते आणि दारापुरती राहते. भूकंप सगळं घर, सगळी गल्ली, सगळा तालुका एकदम हलवतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, रात्री सेन्सर वाजला आणि तुम्हाला स्वतःला काहीही जाणवलं नाही, तर भूकंपाची शक्यता जवळपास नाहीच. दार, वारा, वाहन किंवा माणूस यांचाच विचार करा. व्हॉट्सॲपवर 'आत्ता धक्का बसला का?' असं टाकायची घाई नको. दोन, भूकंपाची सूचना मिळावी म्हणून घरातल्या सेन्सरचा उंबरठा तळाला नेऊ नका. भूकंप कळणार नाहीच, ट्रॅक्टर मात्र सगळे कळतील.

मग फोनवर भूकंपाची सूचना कशी येते?

अँड्रॉइड फोनमध्ये भूकंपाची सूचना देणारी यंत्रणा भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तीही ॲक्सेलरोमीटरच वापरते. चार्जिंगला लावलेला, स्थिर पडलेला फोन थरथर जाणवली की तसं कळवतो. पण एका फोनच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. फोन टेबलावरून पडला असेल, शेजारी वॉशिंग मशीन चालू असेल. एकाच परिसरातले अनेक फोन एकाच वेळी तेच सांगू लागले, तरच भूकंप आहे असं ठरतं.

आपल्या सहाव्या पायरीतले 'दोन साक्षीदार' इथे हजारोंच्या संख्येने आहेत. तत्त्व तेच. एकटा सेन्सर फक्त 'मी हललो' एवढंच सांगू शकतो. का हललो, हे ठरवायला दुसरी साक्ष लागते.

भूकंपाचा खरा अभ्यास करायचा तर त्याहून खोल जावं लागतं. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स संशोधन प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. कोयना परिसरात गोठणे इथे जमिनीत ३ किलोमीटर खोल बोअर घेऊन तिथल्या खडकांचा अभ्यास करण्यात आला आहे. जमिनीवरच्या ट्रॅक्टरांचा, पावलांचा आणि वाऱ्याचा गोंगाट खोलवर कमी होत जातो, हा अशा खोल मोजणीचा एक मोठा फायदा. आपण आठ दिवस ज्या गोंगाटाची यादी करतो, त्याच्यापासून शास्त्रज्ञांनाही सुटका हवी असते.

बॅटरी लवकर का संपते?

सेन्सर सेकंदाला किती वेळा मोजणी करतो यावर बॅटरीचं आयुष्य आणि धक्का पकडण्याची ताकद, दोन्ही ठरतं. सेकंदाला १२.५ वेळा मोजणारा सेन्सर दोन मोजण्यांमध्ये ८० मिलिसेकंद डोळे मिटून असतो. दहा मिलिसेकंदांत संपणारा ठोका त्यातून सहज निसटतो. सेकंदाला १०० वेळा मोजलं तर अंतर १० मिलिसेकंदांवर येतं.

पण जास्त मोजणी म्हणजे जास्त वीज. एडीएक्सएल ३४५ नेहमीच्या पद्धतीत सेकंदाला १०० वेळा मोजताना सुमारे १४० मायक्रोअँपिअर वीज घेते. सीआर २०३२ या बटणासारख्या बॅटरीत साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. भागाकार केला तर नुसत्या चिपसाठी दोन महिन्यांच्या आसपास. बचतीच्या पद्धतीत, सेकंदाला १२.५ मोजण्यांवर, तीच बॅटरी नऊ महिन्यांच्या आसपास जाते. त्याच कंपनीची नंतर आलेली एडीएक्सएल ३६२ ही चिप १०० मोजण्यांसाठी सुमारे २ मायक्रोअँपिअरच घेते. म्हणून नव्या सेन्सरमध्ये ही ओढाताण कमी झाली आहे.

याशिवाय प्रत्येक सूचना पाठवताना रेडिओ चालू होतो आणि तो चिपपेक्षा कितीतरी जास्त वीज खातो. उगाच वाजणारा सेन्सर झोप मोडतोच, बॅटरीही संपवतो. तुमच्या सेन्सरची बॅटरी डब्यावर लिहिल्यापेक्षा फार लवकर संपत असेल, तर आधी नोंदी बघा. बहुतेकदा उंबरठा फार खाली असतो.

वीज गेली तर?

सेन्सर बॅटरीवर चालतो, पण त्याचं बोलणं फोनपर्यंत नेणारा राउटर आणि हब विजेवर चालतात. लाईट गेली की सेन्सर वाजत राहतो आणि ऐकणारं कोणी नसतं. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. घरातच वाजणारा भोंगा असेल तर तो इंटरनेटशिवाय चालतो का, हे राउटर बंद करून एकदा तपासा. विकत घेण्याआधी विचारलेलं उत्तम.

परदेशातल्या नातेवाइकांनी भेट दिलेला सेन्सर असेल तर त्याची लहरींची पट्टी बघा. वाय-फाय आणि झिगबी २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ते इथे चालतं. पण अमेरिकेतला ९०८ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड-वेव्ह सेन्सर भारतात वापरण्यासाठी नाही. आपल्याकडे अशा उपकरणांसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ ही पट्टी विनापरवाना खुली आहे.

वर्षातून किती वेळा तपासायचं?

किमान चार वेळा, आणि कॅलेंडर बघण्यापेक्षा गावाकडे बघून. गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्याचा गोंगाट वाढतो. पावसाळ्यात लाकडी दारं फुगतात, उघडायला जोर लागतो, धक्का मोठा बसतो. गणपतीत डीजेच्या आवाजाने खिडक्यांच्या काचा थरथरतात, दिवाळीत फटाक्यांनी. प्रत्येक वेळी उंबरठा बदलायलाच हवा असं नाही. चौथ्या पायरीतली टकटक, थाप आणि खांद्याचा धक्का पुन्हा करून बघा. खरी घटना अजून पकडली जाते का? जात असेल तर बाकी गोंगाटासाठी त्या दिवसांपुरता फोनचा आवाज कमी केला तरी चालतो.

सेन्सर वाजला तर घरात कोणी काय करायचं, हेही आधी ठरवून ठेवा. एकट्याने काठी घेऊन बाहेर धावू नका. दिवे लावा, आतूनच बघा, शेजाऱ्यांना फोन करा, संशय वाटला तर ११२ फिरवा.

उंबरठा म्हणजे शेवटी एक निर्णय असतो: कशाकडे दुर्लक्ष करायचं याचा. तो निर्णय कंपनीने डब्यात भरून दिलेला असेल तर तो तुमच्या घरासाठी घेतलेला नसतो. आठ दिवसांच्या नोंदी, एक वही आणि दारावर दहा-दहा वेळा मारलेल्या थापा, एवढ्यावर तो तुम्हाला स्वतःला घेता येतो. मग पुढच्या हंगामात रात्री दोन वाजता ट्रॅक्टर जाईल तेव्हा फोन गप्प राहील. आणि ज्या रात्री तो वाजेल, त्या रात्री तुम्ही उठाल.